गुडघ्यावरचं पागोटं

बसा.

ही कुंभकोणमच्या महामहम तलावाची पायरी. गावातले लोक बोलताना मामांगम म्हणतात. उजाडतंय. दगड अजून गार आहे. तो गारवा अंगाला लागू द्या.

काही करायचं नाही. एवढ्यात तरी नाही.

शेजारी पायरीवर पांढरं कापड ठेवलंय. मलमलीचं, सात-आठ हात लांब, घडी घातलेलं. त्याच्याकडे बघा. उचलू नका.

या कापडाचं पागोटं व्हायचंय. त्या पागोट्याखाली एक माणूस यायचाय, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा. आपल्याला त्याचं सोंग आणायचंय.

सोंग आणणं. आपण सहज बोलून जातो. त्यातल्या 'आणणं'पाशी जरा थांबा. आणायचं म्हणजे ते आधीपासून कुठेतरी असतं. दूर असतं. आणि त्याला आपल्याबरोबर चालत यावंसं वाटायला हवं.

श्वास आत येतोय. श्वास बाहेर जातोय. पाण्यावर अजून धूसर आहे.

कुठे सादर करायचं, ते राहू द्या. गणेशोत्सवाचा मांडव असेल, मिरवणुकीतला ट्रॅक्टर असेल, शाळेचं स्नेहसंमेलन असेल. अमेरिकेत जुन्या काळाच्या जत्रा भरतात. तिथे लोक राणी एलिझाबेथच्या काळातला एखादा खाटीक, एखादी धोबीण निवडतात आणि दिवसभर त्याच नावाने वावरतात. जेवतातही त्याच नावाने. आपल्याकडे बहुरूपी हेच करायचा. दारात फौजदार होऊन उभा राहायचा, आणि घरातला कर्ता माणूसही घटकाभर दचकायचा.

राहू द्या ते सगळं. आपण पायरीवर आहोत.

एक कबुली देतो. शाळेत मी एकदा पेशवा झालो होतो. मिशी डिंकाने चिकटवलेली, आवाज चढवलेला. घामाने मिशीचं एक टोक सुटलं आणि ओठावर लोंबायला लागलं. ते बोटाने दाबून धरून मी उरलेलं भाषण केलं. टाळ्या पडल्या. पण त्या दहा मिनिटांत पेशवा एकदाही आला नाही. येणार कुठे? सगळी जागा मीच अडवून बसलो होतो.

म्हणून आज मिशी नको. आवाज नको.

कापडाकडे बघा. ते तसंच आहे. घडीच्या कडेवर उजेड आलाय.

*

आता पाणी बघा.

तलावाभोवती सोळा लहान मंडप आहेत. तंजावरच्या नायक राजांचे प्रधान गोविंद दीक्षित यांनी ते बांधवले. पाण्याखाली, तळाशी, विहिरी आहेत. प्रत्येकीला तीर्थाचं नाव आहे. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो, तेव्हा इथे महामहम भरतं. तोच गुरू, तीच रास, तिकडे नाशिकला सिंहस्थ. 2016च्या फेब्रुवारीत ही पायरी दिसतसुद्धा नव्हती, इतकी माणसं. पुढचं 2028 मध्ये.

आज एक बाई पाय धुतेय. एक कावळा मंडपाच्या कळसावर. बास.

हे मंडप आपल्या माणसाच्या आधीपासून इथे आहेत. म्हणजे तुमची नजर आत्ता जिथे टेकलीय, तिथे त्याचीही टेकली असेल.

थांबा इथे. थोडं थांबा.

सारंगपाणीच्या देवळाचं अकरा मजली गोपूर. तेही त्याच्या ओळखीचं. कावेरी एका अंगाला, अरसलार दुसऱ्या अंगाला, मध्ये हे गाव. तेही त्याचं.

त्याने पाहिलं तेवढंच उरू द्या. बाकीचं एकेक उचलून मागे ठेवा.

विजेचे खांब.

मोटारींचे हॉर्न.

खिशातला फोन.

रेल्वेची शिटी. तीही. आपल्याला 1849 सालात जायचंय, आणि मद्रास इलाख्यात तेव्हा प्रवाशांची गाडी धावायला लागली नव्हती.

कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉफीचा वास येतोय. पितळी डबऱ्यातून टंबलरमध्ये, टंबलरमधून डबऱ्यात, हातभर उंचावरून धार पडतेय. हा वास सोडवत नाही, मला कळतं. पण ठेवा मागे. उठलो की पिऊ.

श्वास आत. श्वास बाहेर.

पाणी उरलं. दगड उरला. कापड उरलं.

*

त्याचं नाव माधव.

पुढे जग त्याला सर टी. माधवराव म्हणेल. टी म्हणजे तंजावर. 1828 साली तो याच गावात जन्मला, देशस्थ मराठी घरात. वडील रंगराव आणि चुलते वेंकटराव, दोघेही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेलेले.

पुढचं हलकेच ऐका, आणि ऐकून पायरीवर ठेवून द्या.

1857 मध्ये, तिशीच्या आत, तो स्वतः त्रावणकोरचा दिवाण होईल. मिऱ्यांचा सरकारी मक्ता मोडेल, संस्थानाच्या डोक्यावरचं कर्ज फेडेल. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. ही म्हण या माणसाला कुणी शिकवायला नको. मग इंदूर. मग 1875 पासून 1882 पर्यंत बडोदा. 1887 मध्ये मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरेल, तेव्हा स्वागत समितीचा अध्यक्ष. 1891 मध्ये शेवट.

ठेवलंत?

तिरुअनंतपुरमला सचिवालयासमोर त्याचा पुतळा आहे. त्या चौकाला लोक 'स्टॅच्यू' म्हणतात. बसमध्ये चढतात आणि स्टॅच्यूचं तिकीट मागतात. कोणाचा, हे विचारायची गरज उरलेली नाही. मला याचं वाईट वाटत नाही. जरा हसूच येतं. इतकी मोठी कारकीर्द, आणि उरलं काय, तर उतरायची खूण.

तोही पायरीवर ठेवा. ब्राँझ असो, दगड असो, खाली ठेवा.

कारण आपला माधव विशीतला आहे. मद्रासला शिकला. गणितात हुशार निघाला, तिथेच काही काळ गणित शिकवलं. आता त्रावणकोरच्या राजपुत्रांना शिकवायला दक्षिणेला निघायचंय. निघण्याआधी आपण त्याला या पायरीवर आणून बसवलंय. हे बसवणं आपलं. सोंगाला एवढी मुभा असते.

तो बसलाय. तुमच्यापासून हातभर अंतरावर. त्याच्याकडे वळून बघू नका. बसल्याचं कळतंय, तेवढं पुरे.

त्याला यातलं काहीच ठाऊक नाही.

इथे वेळ घ्या. सोंग बिघडतं ते बहुतेक वेळा इथे. आपल्याला शेवट माहीत असतो, म्हणून पहिल्या पावलापासूनच आपण पुतळ्यासारखे चालतो.

त्याला दिवाणगिरी ठाऊक नाही.

त्याला 'सर' ठाऊक नाही.

तंजावरला अजून भोसल्यांची गादी आहे. सहा वर्षांनी, 1855 मध्ये, शेवटचे शिवाजीराजे मुलगा मागे न ठेवता जातील आणि ती गादी इंग्रज मिटवून टाकतील. त्याला ठाऊक नाही.

एक चौक. एक बसथांबा. त्याला ठाऊक नाही.

मग काय ठाऊक आहे?

दगड गार आहे. ऊन वर यायच्या आत घरी जायचंय.

तेवढंच असू द्या. श्वास आत. श्वास बाहेर. तेवढंच.

*

डोळे मिटा आता. ऐका.

मागच्या गल्लीत कुणीतरी भाजीचा भाव करतंय, तमिळमध्ये. देवळाकडून संस्कृत येतंय, अर्धं वाऱ्यावर विरलेलं. कुणाच्या तरी पडवीत गाणं शिकवणं चाललंय; गाण्याचे बोल तेलुगू. माधवच्या डोक्यात मद्रासहून आणलेली इंग्रजी आहे, नवी, घडी न मोडलेली.

आणि दाराच्या आत मराठी.

एकेक भाषा ऐका. पुढची आली तर येऊ द्या. मागची गेली तर जाऊ द्या.

दाराच्या आतल्या मराठीपाशी मात्र थांबा. माझ्या मते या सोंगाचा जीव तिथे आहे. पागोट्यात नाही, हुद्द्यात तर नाहीच.

व्यंकोजीराजे 1676च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. त्यांच्या राज्यात मराठी घरं कावेरीकाठी येत गेली, राहत गेली. त्याला 1849 मध्ये पावणेदोनशे वर्षं होत आली. आणि 1849 पासून आपल्यापर्यंत? पुन्हा पावणेदोनशे. माधव बरोबर मध्यावर बसलाय. त्याच्या मागे जेवढी वर्षं, तेवढीच पुढे.

त्याच्या घरातली मराठी भीमेचं पाणी न पिता वाढलेली. हेल तमिळ, शब्द जुने. आपल्याकडे झिजून गेलेली रूपं तिथे ताटात वाढलेली. आजही त्या बाजूच्या मराठी घरांत ती बोलतात. तमिळ शेजारी त्या घरांना रायर म्हणतात. पुण्याच्या माणसाला ती पहिल्यांदा ऐकताना हसू येतं. मग ऐकता ऐकता हसू थांबतं. आपली पणजी अशीच तर बोलायची, असं वाटायला लागतं.

इथून चाळीसेक किलोमीटरवर, तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात, 1803 मध्ये भोसल्यांचा इतिहास मराठीत दगडावर कोरून घेतला. भिंतच्या भिंत भरली आहे. लढाया आहेत, वंशावळी आहेत.

पण 'पाणी तापलंय' कुणी कोरत नाही.

'दिवा लाव गं' कुणी कोरत नाही.

'कधी येशील परत?' हे तर नाहीच नाही.

ही वाक्यं ऐकावी लागतात. ऐका.

घरातून हाक येते. बाईचा आवाज. माधवा. शेवटचा 'आ' लांबतो, आणि लांबता लांबता तमिळ वळणाने थोडा वर जातो.

पुन्हा ऐका. माधवा.

तुम्हालाही कधीतरी कुणीतरी घरातून अशी हाक मारली आहे. नाव वेगळं. दुपार वेगळी. उंबरा वेगळा. ती हाक आठवते? तिचा शेवट आठवतो?

ती त्याला उसनी द्या. थोड्या वेळासाठी.

*

डोळे उघडा. कापड उचला.

ते दिसत होतं त्याहून हलकं आहे. नाकाशी धरा. खळीचा वास, खाली किंचित पेटीचा वास.

उजवा गुडघा उभा करा. पागोटं थेट डोक्यावर बांधायची गरज नाही. गुडघा डोक्याएवढाच गोल असतो, आणि गुडघ्यावर ते बांधताना दिसतं.

एक टोक डाव्या अंगठ्याखाली दाबा. कापडाला हलका पीळ द्या. पहिला वेढा. फार आवळू नका.

दुसरा वेढा पहिल्याच्या थोडा वर. कडेला कड नको, अर्धं बोट मागे. पेच तिथेच बसतो.

तिसरा. पाण्यात दोन बोटं बुडवा आणि त्या ओल्या बोटांनी चूण दाबा. सूत ओलं झालं की ऐकतं.

आणि सुटलं. पहिल्यांदा सुटतंच. कापड पायरीवर घरंगळलं, एक टोक पाण्याला टेकलं.

असू द्या. टोक पिळा. पुन्हा अंगठ्याखाली धरा.

वेढा. श्वास.

वेढा. श्वास.

बोटांना कळायला लागेल. डोकं मध्ये आणू नका. कुणीतरी रोज सकाळी हे करत होतं. रोज, वर्षानुवर्षं, दुसऱ्या कशाचा तरी विचार करत. आज हिशेब कुठले, पत्र कोणाला, पाऊस येईल का. त्याच्या बोटांना जे येत होतं, ते तुमच्या बोटांना हळूहळू येतंय.

वेढा. श्वास.

शेवटचं टोक आत खोचा.

आता गुडघा सावकाश, अगदी सावकाश, खाली घ्या. पागोटं दोन्ही हातांत धरा. उलटं करा. आत बघा.

आत काही नाही.

बघत राहा. मलमलीतून उजेड झिरपतोय. पेचांच्या कडा आतून दिसतायत, एकावर एक, गोल. मध्ये पोकळी. ती गुडघ्याची होती. आता कुणाचीच नाही.

इथे बसा. या पोकळीपाशी.

कावेरीच्या काठाने पश्चिमेला थोडं गेलं की स्वामीमलई लागतं. तिथले स्थपती देवांच्या मूर्ती ओततात. आधी मूर्ती मेणाची करतात; राळ मिसळलेलं मेण, बोटांनी, पातीने, नखाने घडवलेलं. डोळ्याची पापणीसुद्धा मेणाची. मग तिच्यावर कावेरीचा मऊ गाळ लिंपतात. सावलीत वाळवतात. पुन्हा लिंपतात. मग तो मातीचा गोळा शेणींच्या आगीवर तापवतात, आणि मेण सगळं वितळून बाहेर पडतं. इतक्या मेहनतीने केलेली मूर्ती भोकातून वाहून जाते.

आत राहते ती तिच्या आकाराची रिकामी जागा.

धातू मग येतो. त्याआधी थोडा वेळ, मातीच्या अंधारात, फक्त ती जागा असते. पापणीएवढी बारीक. मला त्या थोड्या वेळाचं फार कुतूहल आहे.

पागोट्यात बघा. तशीच जागा.

मघाशी पायरीवर ठेवलेल्यातली एकच गोष्ट हिच्यात येऊ द्या.

1875 साल. बडोदा. नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ, शेतकऱ्याच्या घरातला, दत्तक होऊन राजा झालाय. सयाजीराव. त्याला अजून लिहिता-वाचता येत नाही. आणि त्याच्या राज्याचा कारभार बघायला आलाय कुंभकोणमचा माधवराव, आता सत्तेचाळिशीच्या उंबऱ्यावर. पुढे 1881 मध्ये त्याने या तरुण राजाला राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. ती इंग्रजीत होती. 'मायनर हिंट्स' नावाने ती छापलेली आहेत, कुणालाही वाचता येतात.

पण व्याख्यान संपल्यावर?

दोघेही मराठी. एकाची मराठी गिरणेच्या बाजूची, एकाची कावेरीची. भोवतीच्या मुलखात गुजराती. कागद गोळा करताना, दाराशी जाताना, एकाने काहीतरी म्हटलं असेल. साधंच. ऊन फार आहे. जेवण झालं का. आणि दुसऱ्याला त्या शब्दाचं वळण ओळखीचं वाटलं असेल, आणि ओळखीचं नाहीही वाटलं असेल.

ते वाक्य छापलेलं नाही.

त्या वाक्याएवढी जागा पागोट्यात आहे. भरू नका. असू द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

*

आता पागोटं डोक्यावर ठेवा.

दाबू नका. ते आपोआप बसेल. थोडं जड वाटेल, थोडं गार; ओल्या चुणीचा गारवा कपाळाच्या वर लागेल. मान आपसूक सरळ होईल. मान सरळ करायला मी सांगितलं नाही, बघा.

कानांवर कापड आलंय. आवाज थोडे दूर गेले. स्वतःचा श्वास जवळ आला.

मघाशी हातभर अंतरावर कुणीतरी बसलं होतं. आता बघा. वळून बघायला हरकत नाही.

पायरी रिकामी आहे.

हात मांडीवर ठेवा. बोटांच्या टोकांना खळ लागलीय, पांढरी. हे हात तुमचेच आहेत. यांनी काल संध्याकाळी भाकरी मोडली, कळफलक बडवला, लेकराचं डोकं कुरवाळलं. आता ते गणित शिकवणाऱ्या एका तरुणाचेही आहेत. दोघांचं भांडण नाही. दोघांनाही हात पुरतात.

ऊन पहिल्या पायरीवर आलं.

दुसऱ्या पायरीवर आलं.

पाय धुणारी बाई गेली. एक म्हातारा येतोय, सावकाश, एकेक पायरी तपासत. हातात कागदाची पुडी. तो तुमच्यापासून दोन हातांवर टेकतो. दम घेतो. मग तुमच्या पागोट्याकडे बघतो, चेहऱ्याकडे बघतो, पुन्हा पागोट्याकडे.

'एंद ऊर?' तो विचारतो.

कुठलं गाव?

घाई नाही. प्रश्न आत उतरू द्या. पुणे येईल. जाऊ द्या. सोलापूर, नागपूर, बेळगाव, तुमचं जे असेल ते येईल. येऊ द्या आणि जाऊ द्या. जिंजी, सातारा, बडोदा, एकेक नाव पाण्यावरून जातंय. म्हातारा वाट बघतोय. त्याला कुठेही जायचं नाही.

खाली पाणी आहे. पाण्यात मंडप उलटा. मंडपाशेजारी एक पांढरं पागोटं, हलकं हलतंय.

ओठ उघडतात. बोल तमिळमध्ये येतात, हेल मराठी.

'इंद ऊर्दान.'

हेच गाव.

म्हातारा मान हलवतो. पुडी सोडतो, मूठभर मुरमुरे पाण्यावर टाकतो. मासे वर येतात.